नशिराबादची भरती

सरकारी पगार घेऊन सरकारपेक्षा चंद्राचं जास्त ऐकणारा माणूस अख्ख्या खान्देशात एकच झाला, तो म्हणजे आमचे नशिराबादचे नाना. समुद्राला भरती येते हे शाळेतलं पोरही सांगेल. पण जमिनीलाही येते, पायाखालची काळी माती चंद्रसूर्याच्या ओढीनं रोज वीतभर वर येते आणि पुन्हा बसते, हे नाना भेटेल त्याला सांगत सुटत. ती भरती मोजायला गावाबाहेरच्या एका खोलीत, दगडी चौथऱ्यावर, त्यांचं गुरुत्वमापक यंत्र होतं; आणि दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती, ‘भरती केंद्र’. आता सांगा, जागा निघायची वाट बघत पोरांची वयं उलटून जातात त्या जिल्ह्यात अशी पाटी लावायची? रोज कुणीतरी मार्कशिटा घेऊन दारात उभं. मी तर आमच्या बेरोजगारांच्या संघटनेची पत्रकं घेऊन जाब विचारायलाच गेले.

“भरती कधी?” मी दारातूनच आवाज चढवला.

“आज पावणेबाराले,” नाना हरखून म्हणाले.

“किती जागा?”

“बठ्ठ्या जागा, सगळ्याच, माय! तू उभी शे ना, ती बी!”

नाना मूळचे नरडाण्याकडचे. आनंद झाला की कचेरीतली मराठी गळून पडायची आणि अहिराणी उरायची. मी संतापले होते, तरी त्यांनी मला चपला काढायला लावून, यंत्रापासून लांब बसवून चहा पाजलाच. त्या यंत्राला जराही हादरा खपत नसे, म्हणून त्यांची चालच मांजरासारखी झाली होती. हायवेवरून जड ट्रक गेला की ते आधी शिवी हासडत, मग वहीत वेळ टिपत. एकदा आमचा मोर्चा तिथून निघाला तेव्हा हात जोडून रस्त्यात आले. “घोषणा दे माय, कितीबी दे. पाय तेवढे नको आपटू.” पोलिसांना न जुमानणारा आमचा मोर्चा त्या खोलीपुढून घसा फोडून घोषणा देत, पण टाचा उचलून गेला.

त्यांना हवं होतं एवढंच, की नशिराबादचं एक अखंड वर्ष मोजून व्हावं. धुळ्याचं त्यांनी आधीच मोजलं होतं. खालचा खडक बदलला, समुद्र थोडा लांब गेला की भरतीत केसाएवढा फरक पडतो, आणि तो केस नानांना पकडायचा होता. “पुस्तकात आकडा शे,” ते म्हणत, “पण तो गणिताचा. आपला कोण मोजस?”

मोजणीच्या नवव्या महिन्यात नाना निवृत्त झाले. त्यांच्या जागी माणूस नेमायचा होता, नेमला नाही. एका माणसाची भरती करा, एवढी एकच मागणी असलेलं पत्रक मी तेव्हा लिहिलं आणि जळगावभर वाटलं. नाना बिनपगारी येत राहिले, रोज, डबा घेऊन. अकराव्या महिन्यात यंत्र न्यायला गाडी आली. मी दारात आडवी उभी राहिले, नाही नाही ते बोलले. नानांनी मला हाताला धरून बाजूला घेतलं आणि यंत्र उचलणाऱ्यांना म्हणाले, “हळू रे भाऊ. तिरपं नका करू.”

आता ते धुळ्याला लेकीकडे असतात. दुपारी कधी फोन केला तर माझी सगळी भांडणं शांतपणे ऐकून घेतात. मग मधेच म्हणतात, “आते तठे जमीन वर येत व्हई, माय.”

“किती, नाना?” मी विचारते.

पुस्तकातला आकडा त्यांना पाठ आहे. तो ते सांगत नाहीत.