बायको दुकानदाराची बाजू का घेते?

मंडळी, आज सकाळी लॅपटॉपमध्ये मेमरीची नवी पट्टी बसवली आणि तो सुरूच होईना. पडदा काळा, नुसतं पीं पीं. जुनी पट्टी लावली की व्यवस्थित चालतो. म्हणजे खोट नव्या पट्टीतच!

काल गिंडी बाजारातल्या ज्या दुकानातून ती घेतली, तिथल्या दुकानदाराचा मला तेव्हाच संशय आला होता. पाकीट देताना फारच गोड हसला. वापरलेला माल नवा म्हणून गळ्यात मारला असणार. भांडायला जायचं म्हणून तावातावानं शर्ट चढवला.

तर बायको दारात आडवी. तिचं घराणं तंजावरचं, माहेर तांबरमला. एरवी भाजीवाल्यालाही न सोडणारी ही बाई म्हणते, "अय्यो, त्याला काही बोलू नका हो. आणखी एकदा लावून बघा."

आता हिला त्याचा एवढा पुळका का? मी पट्टी उजेडात नेऊन अगदी जवळून निरखली. चंदनाचा वास!

"काल देवापुढे ठेवली होती," ती हळूच म्हणाली. "नवी वस्तू, गंध-कुंकू नको? कड सोन्यासारखी दिसली, तिथंच लावलं. तुम्ही ओरडाल म्हणून लगेच पुसलंसुद्धा."

वीज जोडली जाते ती नेमकी हीच कड! लेकीच्या खोडरबरानं ती घासली, पट्टी परत बसवली. लॅपटॉप सुरू!

"बघा, देव पावला," बायको म्हणाली.

तुमच्याकडेही नव्या वस्तूंची अशी पूजा होते का? विचारतोय कारण ज्या मोडेमवरून हे पाठवतोय, तो परवाच आणलाय, आणि मघापासून त्यालाही चंदनाचा वास येतोय. पत्र पोचलं तर कळवा.