ग्लायसिन ओतण्याआधी

वजनकाट्यावर घेतलेलं ग्लायसिन साखरेसारखंच दिसतं. पांढरं, बारीक, पाण्यात पटकन विरघळणारं, चवीलाही गोड म्हणे. अमिनो आम्लांमधलं हे सगळ्यात लहान. एडिनबरातल्या आमच्या लॅबमध्ये ते मोठ्या डब्यात येतं आणि कुठल्या ना कुठल्या बफर-द्रावणासाठी रोज लागतं. मला मात्र ते मुख्यतः थांबवण्यासाठी लागतं. पेशींमधलं सगळं आहे तिथेच पकडून ठेवायला मी त्यांच्यावर फॉर्मल्डिहाइड घालते. ते आपण होऊन थांबत नाही, बांधतच सुटतं. म्हणून टायमर वाजला की ग्लायसिनचं द्रावण ओतायचं. उरलेलं फॉर्मल्डिहाइड ते स्वतःवर घेतं.

हे सगळं मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं. त्यांनी त्यातलं एकच उचललं.

"चवीला गोड असतं म्हणतेस?"

"असं पुस्तकात आहे."

"म्हणजे तू चाखलं नाहीस? कसली सायंटिस्ट गं तू!"

"बाबा, लॅबमध्ये काही तोंडात घालत नाहीत."

"मग मला पाठव. डायबेटिसवाल्याला चालतं का, विचार तुझ्या मॅडमना."

मागून आई म्हणाली, "अहो, कालची चोरून खाल्लेली जिलबी पुरली नाही का?"

बाबा गेले तेव्हा माझा व्हिसा वाढवण्याचा अर्ज अडकलेला होता. निकालाआधी देश सोडला की अर्ज बाद. दादा म्हणाला, "येऊ नकोस, त्यांनाच आवडलं नसतं." अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले. कुणीतरी फोन धरला होता, बराच वेळ मला फक्त कुणाचा तरी खांदा दिसत होता. लॅबमध्ये मी 'बरं नाही' एवढाच मेसेज टाकला. कुणी विचारलं असतं तर इंग्रजीत सांगावं लागलं असतं. माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालंय, पण हे एक वाक्य मला तिच्यात म्हणायचं नव्हतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आईचा फोन आला.

"आज गोड जेवण आहे. मामा आलाय. तूही तिकडे काहीतरी गोड खा."

"खायलाच हवं का?"

"घरातल्या प्रत्येकानं खायचं असतं, बाळा. नाहीतर दुखवटा तसाच राहतो."

मी हो म्हटलं. पण माझं तर अजून सुरूच झालं नव्हतं, ते संपवू कसं?

त्या दिवशी पेशींवर फॉर्मल्डिहाइड घातलं. टायमर वाजला. ग्लायसिनची बाटली माझ्या हातात होती, झाकणही उघडलेलं होतं. मी ओतलं नाही. ओतलं की थांबणार, हे मला माहीत होतं, आणि मी नुसती उभी राहिले.

शेजारच्या बाकावरची स्कॉटिश पोस्टडॉक म्हणाली, "अगं, तुझा टायमर केव्हाचा बोंबलतोय."

मी ओतलं. उशीर झाला होता. पेशी घट्ट जखडून गेल्या होत्या, टाकूनच द्याव्या लागल्या.

"तुझ्या हातून असं होत नाही," ती म्हणाली. "काय झालंय?"

"माझे वडील गेले."

इंग्रजीत ते फारच लहान वाक्य निघालं.

तिनं माझे ग्लव्ह्ज काढायला लावले, हात धुवायला लावले आणि मला टी-रूममध्ये नेलं. तिच्या खणात एक पत्र्याचा डबा होता. तिची आई घरी 'टॅब्लेट' करते. दूध, लोणी आणि भरपूर साखर आटवून पाडलेल्या भुरभुरीत वड्या. "खा. पांढरी पडलीयस," ती म्हणाली.

तिला आजचा दिवस माहीत नव्हता. मी वडी हातात घेऊन बसले. मग खाल्ली. आमच्याकडच्या बर्फीच्या जवळची चव होती, फक्त वेलची नव्हती.

संध्याकाळी आईला सांगितलं, "खाल्लं."

"काय खाल्लंस?"

"बर्फीसारखं इथलं काहीतरी. दात शिवशिवतील इतकं गोड. बाबांना तू हातही लावू दिला नसतास."

"चोरून खाल्लं असतं त्यांनी," आई म्हणाली आणि हसली. हसता हसता तिला रडू फुटलं. मग मलाही.