नई सडकवरून माझी अंत्ययात्रा

वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत मी सात वेळा मेलो होतो.

पाच वेळा सिनेमात, दोनदा टीव्हीवर. लहानपणी मी इतका मरतुकडा होतो, की ग्वाल्हेरात शूटिंगला आलेल्या एका डायरेक्टरने मला बघताच विचारलं, "बच्चा बीमार है क्या?" बाबा म्हणाले, "नाही हो, असाच आहे." झालं! मी स्टार झालो. हीरोचा पुतण्या, हिरॉइनचा भाऊ, कुणीही असो. इंटर्व्हलच्या आत मी गचकायचो. मग मिसरूड फुटलं, अंगावर मांस चढलं आणि करियर संपलं. (धडधाकट पोराला कोण मारणार?)

आता मी इथेच, ग्वाल्हेरात, थाटीपुरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. ते सगळं विसरलोही होतो. पण तिसरीतल्या आमच्या गार्गीने वर्गात जाहीर केलं, "मेरे पापा एक्टर हैं!" पोरं म्हणाली, दाखव. जुने सिनेमे कुठे सापडेनात. पोरगी रडत घरी आली. म्हटलं, बस झालं! एकदा तरी हिला बापाचं तोंड पडद्यावर दाखवायचंच.

त्याच थंडीत एका वेब सिरीजचं युनिट शहरात आलं. मी जाऊन भेटलो, अनुभव सांगितला. कास्टिंगवाला खूश! "सर, आपके लिए परफेक्ट रोल है. डेड बॉडी."

"चेहरा दिसेल?"

"पूरा क्लोजअप!"

गार्गीला सांगितलं, शेठजीचा रोल आहे. "पप्पा, फेस दिसेल ना? पक्का?" "एकदम पक्का!" खरं काय ते फक्त बायकोला, सुलभाला, ठाऊक होतं. काकूला तर कळूच दिलं नाही. आई गेल्यावर मला वाढवलं ते काकूनेच. मी हौसेने तिरडीवर निजणार हे ऐकलं असतं, तर तिने मला खोलीत कोंडून घातलं असतं.

आणि काकू राहते कुठे? नई सडकवर. शूटिंग कुठे? नई सडकवर! (हे माझ्या डोक्यात का आलं नाही, असं सुलभा अजून विचारते.)

कॅमेरा लांब एका गच्चीवर लपवलेला. बाजार खरा, माणसं खरी, खोटा फक्त मी. नाकात कापूस, गळ्यात झेंडूच्या माळा. ॲक्शन! चौघांनी उचललं. मी श्वास रोखून असा काही मेलो, की आजवर तसा मेलो नव्हतो.

एवढ्यात ओळखीचा आवाज आला. "अगो बाई! मिलिंद्या!"

मेथीची जुडी रस्त्यावर टाकून काकू तिरडीशी आली. खांदा देणाऱ्या मिशाळ एक्स्ट्राला तिने विचारलं, "भैया, कैसे हुआ?"

तो पक्का कलाकार निघाला. मान खाली घालून म्हणाला, "बस अम्मा, अचानक."

काकूने हंबरडा फोडला. "अरे, परवाच तर गुळपोळ्या मागून घेऊन गेलास रे! कुणाचं वाईट केलं नाही हो याने! कुणाचंच काही केलं नाही! काही केलंच नाही जन्मात!"

मी दात आवळले. डोळे उघडले तर शॉट गेला, शॉट गेला तर गार्गी पुन्हा रडत घरी येणार. काकूने रडत रडत फोन काढला आणि मराठी मंडळींच्या ग्रुपवर निरोप बोलून टाकला, "आपला मिलिंद गेला हो!" मग माझ्या गालावरून हात फिरवला. "किती गार पडलाय! थंडी सोसत नाही रे तुला लहानपणापासून!" असं म्हणून आपली शाल काढली आणि डोक्यापासून पायापर्यंत मला पांघरली.

माझं तोंड! माझा क्लोजअप! शालीच्या आत मला खरंच रडू फुटलं. निम्मं क्लोजअपसाठी, निम्मं काकूसाठी.

"कट!"

मी शाल भिरकावून उठलो. "काकू, मी जिवंत आहे! शूटिंग आहे हे!"

काकूने आधी मला छातीशी धरलं, मग फाडकन मुस्कटात लगावली. "मेल्या, आधी सांगता येत नव्हतं?"

डायरेक्टर धावत आला. मला वाटलं, माझी विचारपूस करायला. त्याने काकूसमोर हात जोडले. "अम्मा, क्या रोई हैं आप! एक बार और?"

"ये फिर मरेगा?"

"जी."

"तो मैं फिर रोऊँगी. पहले चाय पिलाओ."

"आणि शाल?" मी आशेने विचारलं.

"शाल रहने दो," डायरेक्टर म्हणाला. "बहुत अच्छी लग रही है."

घरी फोन लावला. सुलभा म्हणाली, "येताना दही आणा. पिठलं-भात खूप आलाय." ज्या घरात माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारीच पिठलं-भात पोचवतात. आमच्या हरिशंकरपुरमात पाच घरांतून डबे आले होते! सुलभाला हसू आवरेना, आणि ती जितकी हसे तितक्या बायका डोळे पुसत म्हणत, "धक्का बसलाय बिचारीला!" मी जिवंत परतलो तेव्हा डबेवाल्या वहिनींना आनंद झाला असावा. तोंडावरून तरी त्या फसवणूक झाल्यासारख्याच वाटल्या.

सिरीज आली. सगळ्यांनी मिळून पाहिली. काकू पूर्ण दीड मिनिट! मी एका शालीखाली, अंगठासुद्धा बाहेर नाही. गार्गी उठून दप्तर भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून उड्या मारत आली. मी भीत भीत विचारलं, "वर्गात काय सांगितलंस?"

"सांगितलं, मेरी काकूआजी एक्टर हैं! सगळे एकदम शॉक!"

"आणि माझं काय सांगितलंस?"

"तुमचं ना, पप्पा, मी सांभाळून घेतलं. म्हटलं, पापा उनको स्कूटर पे छोड़ने गए थे."