छपरावरची आगगाडी

लातूर जिल्हा होऊन दहाएक वर्षं झाली होती आणि आमच्याकडे सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. मी नांदेडला डॉक्टरकी शिकत होतो. आत्या भेटायला आली आणि आल्याआल्या म्हणाली, "ह्यांना ठेवलं व्हतं ती जागा दाव."

तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, तरुणपणी तिथल्या वेड्यांच्या दवाखान्यात होते. निजामाच्या काळातल्या त्या दगडी इमारतीत आता आमचं रोगांचं संग्रहालय होतं. बरण्यांमध्ये सुजलेली यकृतं होती, खडे धरलेली मूत्रपिंडं होती. आत्या कशापुढेच थांबेना. पदर पिळत ती खोल्या पालथ्या घालत होती.

"आत्या, बाहेर जायचं का?"

"थांब रे. गजाची खिडकी बघून राहिले."

मामा परतल्यावर सांगायचे, तिथल्या खिडकीतून आगगाडी घराच्या छपरावरून जाताना दिसते. सगळे हसले. वेड गेलेलं नाही असं ठरलं आणि त्यांना कुणी एकट्याला रानात जाऊ दिलं नाही.

शेवटच्या खोलीत ती खिडकी सापडली. आत्या खाली फरशीवर बसली आणि चुळबुळत राहिली. बऱ्याच वेळानं शिट्टी ऐकू आली. मीही खाली बसून पाहिलं. रुळांचा बांध समोरच्या घराआड गेला होता आणि डबे पत्र्यांवरून सरकत होते.

"खरं सांगत व्हते की रे," आत्या म्हणाली.

ती जेवायलाही थांबली नाही, मिळेल त्या एसटीनं गेली.

दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा मामा एकटेच गुरं घेऊन रानात गेले होते आणि आत्या दारात येरझाऱ्या घालत होती.