गाऊन घातलाय की!

शिलाईच्या दुकानातल्या चिंध्या संध्याकाळी झाडून टाकता येतात, किस्से नाही. कर्जतच्या माझ्या दुकानात तर ते एकाच कपड्यावरून साठलेत. गाऊन! त्यातले बहुतेक सुमनताईंचे. त्या रोज पोशीरहून येतात, काज-बटणं करतात आणि बारा महिने गाऊनच घालतात. खांद्यावर टॉवेल टाकला की तयार!

*

सुमनताईंनी पहिल्यांदा घातला तेव्हा त्यांची सासू कडाडली, "ह्यो रातचा कपडा हाय. उजाडल्यावर काढायचा!"

"आई, माझं काम आटपू द्या, काढते."

काम कधी आटपलंच नाही. पुढच्या महिन्यात सासूच दुकानात हजर. "मला दोन शिव गं. खिसे खोल ठेव."

*

खालापूरची माझी भाची कॉलेजात भाषा शिकते. ती म्हणाली, "मावशी, गाऊन शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण मूळ पार लॅटिनमध्ये आहे. तिकडचे म्हातारे साधू थंडीत केसाळ कातड्याचा झगा घालायचे, तो हा!"

सुमनताईंची सुई थांबली. "साधू घालायचे? मंग आमालाच का गं लाज सोडली म्हनतात?"

*

एकदा त्या कंबरेचा एक्स-रे काढायला गेल्या. नर्स म्हणाली, "गाऊन घालून या."

"घातलाय की!"

"हा नाही, आमचा."

तो मागून सगळा उघडा. सुमनताईंनी उलटासुलटा करून पाहिला. "बाय, ह्यो अर्धाच शिवलाय. सुईदोरा हाय का?"

मागे चार टाके घातल्याशिवाय त्या आडव्या झाल्या नाहीत!

*

मुलीच्या ॲडमिशनसाठी दाखला हवा होता. शेवटचा दिवस. सुमनताई दुकानातून तशाच निघाल्या, मी सोबत. एका ऑफिसच्या दारात शिपायाने हात आडवा घातला.

"बोर्ड वाचा. गाऊन घालून आत यायचं नाही."

"घरी जाऊन येईस्तवर खिडकी बंद होईल रं. पोरीचं वरीस जाईल!"

"नियम आहे."

रांगेतले दोघे फिदीफिदी हसले. सुमनताईंचे डोळे भरून आले. मी माझी ओढणी काढून पुढे केली. त्यांनी ती मलाच परत गुंडाळली.

एवढ्यात शेजारच्या कोर्टातून एक वकीलसाहेब तडक आले, काळा गाऊन फडफडवत. शिपायाने सलाम ठोकून दार उघडलं.

सुमनताई मध्ये उभ्या राहिल्या. "थांबा! आदी ह्यांचा काढा, मंग मी माझा काढते!"

वकीलसाहेब बोर्ड वाचू लागले.

तोवर सुमनताई उघड्या दारातून आत जाऊन टेबलासमोर बसल्या होत्या. "लिवा साहेब, पोरीचं नाव..."