मोठ्या आकड्यांची डायल

माणसाला हौस असावी, पण किती? ज्या गाडीला ऐंशीच्या पुढे धाप लागते, तिच्या मालकाला डायलवर आकडे हवेत तीनशेपर्यंत! कुणाला काळ्यावर लाल हवेत, कुणाला पांढऱ्यावर निळे. एका पठ्ठ्याने तर शून्याच्या जागी कवटी काढून घेतली होती. मीटरवाला मात्र कुणाला नाही म्हणत नसे. ‘तुमची गाडी, तुमची मर्जी,’ म्हणायचा आणि स्टिअरिंगमागचं मीटर खोलायला घ्यायचा.

काम बघायला सोपं, करायला महा किचकट. काच काढायची, काटा कुठे टेकलाय तिथे चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचा, मग दोन चमचे काट्याखाली सरकवून तो अलगद वर उचलायचा. जुन्या डायलवर नवी छापलेली डायल बसवायची आणि काटा परत दाबायचा. जोरात दाबला तर तो डायलला घासतो, हलका दाबला तर धरत नाही. हा अंदाज बोटांना यायला मीटरवाल्याची कितीतरी वर्षं गेली होती.

हे वेड त्याला लावलं दादाने, म्हणजे थोरल्या भावाने. वडील गेले तेव्हा दादाने शाळा सोडून ट्रक धरला. घरात धाकट्याला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून त्याला शेजारी बसवून न्यायचा. धाकट्याने एकदा काय करावं? दादा जेवायला उतरला तेवढ्यात ट्रकचं मीटरच खोलून ठेवलं! दादाने आधी एक सणसणीत ठेवून दिली आणि दुसऱ्या दिवशी बारक्या पेचकसांचा डबा आणून हातात दिला. ‘मोडलंस ना? आता तूच जोड,’ म्हणाला. तेव्हापासून दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. धाकट्याच्या डोक्याचे केस पिकले, तरी दादासमोर त्याच्या तोंडातून ‘नाही’ कधी निघालं नव्हतं.

ट्रक सोडल्यावर दादा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवू लागला. एक दिवस व्हॅन घेऊन तो दुकानात आला.

“डायल बदलून दे. आकडे जरा मोठे कर. जाडसर.”

“अरे वा! म्हातारपणी हौस?”

“का? हौस काय तुझ्या गिऱ्हाइकांनीच करायची?”

धाकटा खूश झाला. इतकी वर्षं परक्यांच्या गाड्या सजवल्या, आता दादाची! हौसेने त्याने पांढऱ्यावर ठसठशीत काळे आकडे छापून बसवले. दादाने काचेजवळ तोंड नेऊन पाहिलं आणि ‘झकास’ म्हणाला.

पण थोड्याच दिवसांत स्वारी पुन्हा हजर.

“अजून मोठे कर.”

“यापेक्षा मोठे? दादा, जागा कुठाय?”

“मग मधले गाळ. वीस, चाळीस, साठ, ऐंशी, बस्स. आणि काट्याला भगभगीत रंग मार.”

इथे धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने चाचरत विचारलं, “दादा, डॉक्टरला डोळे दाखवलेस का?”

“डॉक्टरला कशाला? तुलाच दाखवतो की!” म्हणत दादाने डोळे असे वटारले की धाकट्याला हसू आलं. हसण्यावारी गेलं ते गेलंच. दादा चहा आणायला गेला तेव्हा धाकट्याने गुपचूप वहिनीला फोन लावला.

“भाऊजी, मी विचारून थकले,” वहिनी म्हणाली. “डोळ्यांचं नाव काढलं की ताटावरून उठतात. तुमचं तरी ऐकतात का बघा.”

दादाने कधी कुणाचं ऐकलंय? धाकट्याला भीती वाटत होती आणि भीतीपेक्षाही लाज वाटत होती. ज्याने आपल्याला वाढवलं त्याला ‘तुला दिसत नाही’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तो मुकाट्याने डायल छापायला बसला. परतलेला दादा डोक्याशी उभा राहून घाई करत होता. शाळा सुटायच्या आत व्हॅन दारात हवी होती. त्या घाईत काटा हलकाच दाबला गेला. एरवी असं काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर धाकट्याने त्याला चार शिव्या घातल्या असत्या.

काटा बसवला की गाडी रस्त्यावर नेऊन वेग ताडून पाहायचा, हा त्याचा नेम. फोनवर खरा वेग दिसतो, तो काट्याशी जुळला पाहिजे. दादा चालवायला बसला, धाकटा फोन घेऊन शेजारी. गावाबाहेरचा सरळ रस्ता होता, वाहनं तुरळक.

“किती दाखवतोय?”

“चाळीस.”

फोनवर एकोणचाळीस. छान! एका गतिरोधकावर व्हॅन धाडकन आदळली, धाकट्याचं डोकं टपाला लागलं.

“हळू की, दादा! आता किती?”

“पन्नास. जरासा कमी.”

फोनवर एकोणपन्नास. धाकट्याला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. घाईत बसवलेला काटा, तरी कसा चोख! डोळे भरून बघावा म्हणून तो वाकला.

काटा डायलवर नव्हताच. काचेच्या आत, तळाशी आडवा पडला होता.

क्षणभर वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. त्याने पुन्हा विचारलं, “आता?”

“साठ होत आले.”

“काट्याकडे बघून सांगतोयस ना?”

“मग काय तुझ्या थोबाडाकडे बघून?”

“दादा, गाडी बाजूला घे.”

“का?”

“घे म्हणतो ना!”

दादाने व्हॅन कडेला घेतली. धाकटा म्हणाला, “काटा पडलाय. गतिरोधकावरच पडला असणार.”

दादा पुढे वाकला, पार नाक काचेला टेकेपर्यंत. मग मान तिरकी करून बघितलं.

“इंजिनाच्या आवाजावर कळतं रे,” शेवटी म्हणाला. “आयुष्य गेलंय.”

“आणि रस्ता? तोही आवाजावर?”

“कडेकडेचं दिसतं. मधलंच पुसल्यासारखं होतं. जिकडे बघायला जावं तेवढंच नेमकं जातं.” मग एकदम आवाज चढवून म्हणाला, “शाळा सुटायची वेळ झालीय. काटा लाव आणि चल.”

“नाही लावत.”

“काय म्हणालास?”

“नाही लावत! डझनभर लेकरं बसतात मागे, दादा! मी गाढव. मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. दोन-दोन वेळा आकडे मोठे करून दिले मी!” धाकट्याचा आवाज फाटला. रडू आवरेना, तसं त्याने तोंड खिडकीकडे फिरवलं.

दादाने हात उगारला नाही की शिवी दिली नाही. तो खाली उतरला आणि व्हॅनच्या पुढे गेला. वाकून बंपरवरून तळहात फिरवू लागला, एका टोकापासून सावकाश. धाकटाही उतरून जवळ गेला. डावीकडच्या दिव्याखाली दादाचा हात थांबला. मग त्याच जागी पुन्हा फिरला.

“इथे पोचा आहे,” दादा म्हणाला. “हा कधीचा?”

“मला काय ठाऊक? तुझी गाडी.”

“गंज चढलाय का त्यावर? नीट बघून सांग.”

धाकटा खाली बसला. रंग उडाला होता आणि आतला पत्रा नव्या भांड्यासारखा चकचकत होता. खोटं बोलणं जिभेवर आलं होतं.

“बोल की.”

“नाही चढला, दादा.”

दादा तिथेच रस्त्याच्या कडेला मातीत बसला. खिशातून किल्ली काढून त्याने पुढे केली.

“मुलं वाट बघत असतील, तू आण त्यांना,” म्हणाला. धाकट्याने किल्ली घेतली, तरी दादाने त्याचा हात सोडला नाही.

“मला गाडीला काहीच लागल्यासारखं वाटलं नाही रे,” तो म्हणाला. “कुणाला लागलं असेल?”