अर्धी खाट
उन्हात वाळलेल्या गोधडीचा वास आला की मला आमच्या गावची, पोशेऱ्यातली एक दुपार दिसते, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी तेव्हा जव्हारला कारकून होतो. आई गेलेली, बाबा घरी एकटेच. अंगणात नागली वाळत होती, आत कौलांच्या फटींतून ऊन गळत होतं आणि खाटेवर, उन्हातून आणलेल्या गोधडीवर आईच्या जागी, बाबांच्या दंडावर मान टाकून, घरची कुत्री झोपली होती. दोघांचा श्वास एका लयीत चालला होता. मी ओरडलोच, "बाबा, माणसाच्या अंथरुणात कुत्री?" तिच्या कानामागे खाजवत ते म्हणाले, "निजू दे रं. ही बाजू लई गार पडते. तू येतोस का निजायला?" लोक हसतील, एवढंच माझ्या डोक्यात. त्याच संध्याकाळी तिला मोटरसायकलवर घालून खोडाळ्याला मावशीकडे सोडून आलो. पुढच्या रविवारी मी त्यांच्यासाठी नवं ब्लँकेट घेऊन गेलो, तर ते भिंतीला चिकटून पडलेले, अर्धी खाट तशीच मोकळी. ब्लँकेटची घडीही त्यांनी कधी मोडली नाही. आता बाबा नाहीत. आमचा कुत्रा रोज माझ्या पलंगावर चढतो, बायको कुरकुरते, आणि मी भिंतीकडे सरकतो.